टोळी निघण्याआधी ट्रॅक्टर-ट्रॉलीचे टायर : प्रकल्प नोंदी (केज तालुका, हंगाम २०२५-२६)

२४ सप्टेंबर २०२५

मामाचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या यंदा ऊसतोड टोळीसोबत सांगलीकडे ऊस वाहतुकीला जाणार आहेत. करार झालाय, उचल वाटून झालीय, आणि नेमका मांजरेला पूर आला. नदीकाठच्या शिवारात पाणी घुसलं. सोयाबीन गेलं ते गेलंच. ट्रॉल्या वावरात उभ्या होत्या, त्याही हबच्या (चाकाचा मधला गड्डा, त्यात बेरिंग बसतं) वरपर्यंत पाण्यात राहिल्या. आज ओढून फाट्यावर माझ्या पंक्चरच्या दुकानासमोर आणल्या.

नोंदी लिहून ठेवतोय कारण बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातून दरवर्षी असे कितीतरी ट्रॅक्टर जातात आणि टायरचं काम बहुतेक जण निघायच्या आदल्या दिवशी काढतात. तिकडं रस्त्यात टायर फुटला की ट्रॉली उभी राहते, तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटतं. मजुरी टनावर असते. म्हणजे टायर मालकाचा फुटतो आणि फटका कोयत्यालाही बसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मागं लेकरंबाळं. त्यांचा दिवस वाया जाऊ नये एवढ्यासाठी हे काम आत्ता, गावातच, नीट करायचं.

माल असा : ट्रॉलीला चार-चार मिळून ८ चाकं आणि एक स्टेपनी, सगळे ९.००-२०. ट्रॅक्टरचे मागचे टायर १३.६-२८, पार गोटा झालेले, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत. पुढचे ६.००-१६ बरे आहेत.

मामाचं म्हणणं, "गोटा झालेले बदल, बाकी हवा मार, झालं." मी म्हटलं, आधी सगळी चाकं खाली उतरवू. पैसे कुठं लागणार ते त्यानंतर कळेल.

२७ सप्टेंबर

पुन्हा पाऊस. दुकानासमोर चिखल, जॅक खाली रुततो. लाकडी ठोकळे टाकून पाहिले, तेही दबले. लोड नसला तरी ट्रॉली जॅकवरून घसरली तर पाय जागेवर राहत नाही. काम बंद.

३० सप्टेंबर

उघडीप मिळाली. ट्रॉली घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवली आणि हब खोलले. आतून ग्रीसऐवजी चहासारखं तांबूस पाणी निघालं. पाण्यात बुडालेल्या हबचं असंच होतं, ऑइल सील जुनं असलं की गाळ आत जातो आणि ग्रीस धुऊन निघतं. बाहेरून चाक हातानं फिरवलं तर छान फिरतं, काही कळत नाही. लोड पडला की बेरिंग तापतं, हब तापतो, आणि टायरवाल्याला शिव्या बसतात.

डिझेलनं सगळं धुतलं. तीन हबांची बेरिंगं गेली होती : रोलरवर काळे चट्टे, बोट फिरवलं की खरखर लागते. ती बदलली. बाकीच्यांना नुसतं नवं ग्रीस आणि सगळीकडे नवी सील. बेरिंग, सील, ग्रीस मिळून ४,२५० रुपये.

पुरात उभं राहिलेलं कुठलंही वाहन असेल तर टायरच्या आधी हब खोला. बाकी कशाला पैसे कमी पडले तरी चालतील.

३ ऑक्टोबर

काल दसरा. दुकानातल्या टाम्या (टायर काढायच्या लोखंडी पहारी), पाने, घन, कॉम्प्रेसर सगळ्यांची पूजा केली. यंदा गाळप १ नोव्हेंबरपासून असं जाहीर झालंय, म्हणजे दिवाळी घरी करून लगेच निघायचं. हातात चारच आठवडे.

आज टायर डिस्कवरून, म्हणजे चाकाच्या लोखंडी चकतीवरून, सोडवले. चाकाचे नट ढिले करण्याआधी वॉलची (हवा भरायच्या तोंडाची) पिन काढून पूर्ण हवा सोडली. आमच्या डिस्कला टायर अडवून धरणारे रिंग आणि लॉक असतात. आत हवा असताना नट किंवा रिंगला हात लावायचा नाही, हा नियम मला चाचांनी पहिल्या दिवशी शिकवला. त्यांच्याच हाताखाली मी हे काम शिकलो, आता ते केजमध्ये घरीच असतात, पण या कामासाठी रोज येऊन बसतात.

डिस्क पाहिल्यावर मुख्य दुखणं सापडलं. रिंग बसते त्या गाळ्यात गंजाचे पापुद्रे. दोन डिस्कचे काठ इतके खरबरीत की फ्लॅपला (ट्यूब आणि डिस्कमधल्या रबरी पट्ट्याला) घासून भोकं पडलेली. मामा सांगत होता, गेल्या हंगामात याच चाकांच्या ट्यूब सारख्या जायच्या आणि दर वेळी पंक्चर काढून पुन्हा त्याच डिस्कवर चढवल्या जायच्या. पंक्चर काट्यानं होतच नव्हतं. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइड. वेळ खूप जातो, पण खर्च नाही.

एका डिस्कला नटाच्या भोकापासून बोटभर तडा. शेजारचा वेल्डिंगवाला म्हणाला, "आण, टायर चढवूनच असू दे, दोन टाके मारतो." चाचा तिथंच उठून उभे राहिले. टायर डिस्कवर असताना वेल्डिंग मारायचं नाही, हवा सोडलेली असली तरी नाही. आतलं रबर तापून गॅस धरतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. टायर काढून टाका मारला तरी नटाजवळचा तडा पुन्हा उघडतो. ती डिस्क भंगारात टाकली, जुनी पण सरळ एक २,८०० ला आणली.

६ ऑक्टोबर

टायर तपासणी. उन्हात एकेक उभा केला, आत हात घालून पूर्ण गोल चाचपला, बाहेरून हातोडीनं ठोकला.

रिमोल्ड केलेल्या, म्हणजे जुन्या टायरवर नवा नक्षीचा पट्टा चढवलेल्या, टायरला हातोडीची परीक्षा लागतेच. पट्टा चांगला चिकटलेला असेल तिथं आवाज टणक येतो आणि हातोडी उसळते. सुटलेला असेल तिथं आवाज भद्द येतो. दोन टायर असे निघाले. वरून नक्षी जवळजवळ नवी, आणि खांद्याजवळ वीतभर पट्टा आतून सुटलेला. भरल्या ट्रॉलीखाली हे पट्टे सोलून निघाले असते.

तिसऱ्याच्या बाजूला काप आहे, आतले धागे दिसतात. मामा म्हणाला, "गेटर टाकू," म्हणजे आतून जाड तुकडा लावू. नक्षीच्या पट्ट्यात काप असता तर मीही गेटर टाकला असता. बाजूला, जिथं टायर दर फेऱ्याला वाकतो, तिथं गेटर टिकत नाही. चौथ्याच्या बाजूवर शेवटचे चार आकडे ३८१६. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २०१६ चा ३८वा आठवडा. नऊ वर्षं आपल्या उन्हात काढलेला टायर. नक्षी आहे पण बाजूला भेगा, आणि वाकवलं की त्या उघडतात.

चार बाद. चार चालतील, स्टेपनीही चालेल. मामाचा चेहरा उतरला. त्याच्या डोक्यात दोनच टायरचा खर्च होता.

९ ऑक्टोबर

खरेदी. पैशाचं गणित मामासोबत बसून केलं. २२ सप्टेंबरपासून जीएसटी उतरलाय. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर १८ टक्क्यांचे ५ झाले, ट्रॉलीच्या टायरवर २८ चे १८. दुकानदाराला मूळ किंमत वेगळी लिहून मागितली. मागचा १३.६-२८ मूळ १७,००० चा : आधी २०,०६० ला पडला असता, आता १७,८५०. जोडीला ४,४२० वाचले. बिल पक्कंच घ्या. कच्च्या बिलात कर उतरला की नाही ते कळत नाही, आणि टायर खराब निघाला तर वॉरंटीलाही काही हातात राहत नाही.

पहिल्या दुकानात दाखवलेल्या टायरवरचे आकडे तीन वर्षांपूर्वीचे होते. भाव नव्याचाच. तिथून उठलो. मोठे टायर हळू खपतात, त्यामुळे गोडाऊनमध्ये पडून राहिलेले मिळतात. आपल्या मराठवाड्यात वाळूजला शेतीच्या टायरचा कारखाना आहे, आणि इथं जुना माल गळ्यात पडतो, याचं वाईट वाटतं. दुसरीकडे याच वर्षीचे मिळाले.

ट्रॉलीसाठी चारही नवे घेणं झेपत नव्हतं. दोन नवे घेतले, ट्यूब-फ्लॅपसकट २१,५०० ला एक. दोन चांगल्या केसिंगचे (पट्ट्याखालचा मूळ टायर) रिमोल्ड, ८,२०० ला एक, दुकानातच ठोकून आणि आत हात घालून निवडले. रिमोल्डला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. माझा अनुभव असा की वाईट केसिंगवर चढवलेला रिमोल्ड वाईट. चांगल्या केसिंगचा एक हंगाम आरामात काढतो. फक्त पुढच्या एक्सलवर, म्हणजे वळणाऱ्या टर्नटेबलवर, तो लावायचा नाही. तिथं फुटला तर ट्रॉली एका अंगाला ओढली जाते.

नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालायची नाही. वापरलेली ट्यूब फुगून मोठी झालेली असते, आत तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते.

१२ ऑक्टोबर

टायर चढवले. टायर आतून पुसला, चॉक पावडर मारली, ट्यूब थोडी फुगवून घातली, मग फ्लॅप, मग डिस्क, रिंग, लॉक. आत माती किंवा खडा राहिला तर तोच पुढं ट्यूब कापतो.

हवा भरतानाचं सविस्तर लिहितो, कारण फाट्या-फाट्यावर मी उलटं बघतो. चाक आडवं टाकून, रिंग वर ठेवून, तिच्यावर पाय देऊन हवा भरणारी पोरं आहेत. रिंग नीट बसली नसेल तर १०० पीएसआयच्या जोरानं ती उडते आणि समोर जे असेल ते तोडते. आम्ही चाक उभं करून, रिंग भिंतीकडे करून, डिस्कच्या भोकांतून साखळी दोनदा ओवून बांधतो. लांब पाइपला क्लिपचं तोंड लावलंय, त्यामुळे हवा भरताना हात वॉलवर धरावा लागत नाही, आणि आपण नक्षीच्या बाजूला उभं राहतो. आधी थोडी हवा, मग थांबून लॉक सगळीकडून सारखा बसलाय का बघायचं. नसेल तर हवा पूर्ण सोडायची. भरल्या हवेत रिंगला घन मारून ती बसवायची नाही. चाचा आज बाजेवर बसून प्रत्येक चाकाला "रुक, रुक" म्हणत होते, तेव्हा पुढं गेलो.

माझ्या छोट्या कॉम्प्रेसरवर एक चाक भरायलाच फार वेळ लागतो, त्यात मध्येच लाइट गेली. दिवसभरात पाच चाकं.

१५ ऑक्टोबर

वाईट दिवस. जुन्या टायरमधल्या ट्यूबांना गेल्या आठवड्यात गरम पॅच मारून हवा भरून ठेवलं होतं. आज गेज लावलं तर दोन चाकं २० पीएसआयनं खाली. ट्यूब काढून टबात बुडवल्या, पॅचच्या काठातून बुडबुडे. नखानं पॅच उचलला तर अख्खा सोलून हातात आला.

दोन्ही पॅच संध्याकाळी मारलेले होते. त्या वेळी गावात सगळं चालू असतं, व्होल्टेज पडतं, मशीनची प्लेट पुरती तापत नाही. वेळ नेहमीएवढाच दिला तरी रबर आतून कच्चं राहतं. कळायला सोपी खूण आहे : पॅचच्या काठावर नख दाबायचं. शिजलेलं रबर लगेच वर येतं, कच्च्यात नखाची खूण राहते. आता पॅचचं सगळं काम पहाटे, व्होल्टेज भरपूर असतं तेव्हा.

जुने पॅच घासून काढले, ट्यूब पुन्हा घासली, सोल्यूशन लावून बोटाला चिकटणार नाही इतकं सुकू दिलं, मग पॅच. सोल्यूशन ओलं असताना पॅच दाबण्याची घाई सगळे करतात. अडलेली वाफ तिथं फोड धरते.

टायर उलटून पाहिला तर एका ट्यूबच्या भोकामागं तुरीचं धसकट होतं, टायरमध्ये अर्धं तुटून बसलेलं. वरून दिसत नव्हतं. चिमट्यानं ओढलं तर करंगळीएवढं निघालं. पंक्चर काढताना ट्यूब दुरुस्त होते आणि काटा टायरमध्येच राहतो, मग दुसऱ्या दिवशी त्याच जागी भोक. टायरच्या आत कापूस फिरवायचा, काट्याचं टोक असेल तिथं तो अडकतो.

१८ ऑक्टोबर

ट्रॅक्टरला मागचे नवे टायर चढवले आणि त्यात पाणी भरलं. दोन भरल्या ट्रॉल्या चिखलातल्या फडातून ओढायच्या तर मागं वजन पाहिजे, नाहीतर चाकं जागेवर फिरतात आणि नवी नक्षी महिन्यात झिजते. वॉल सगळ्यात वर आणून, वॉलच्या पातळीपर्यंतच पाणी, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश. वरची जागा हवेला. पूर्ण भरलं तर टायर दगडासारखा कडक होतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे दुसरं काही मिसळायची गरज नाही. विहिरीचं पाणी खारं आहे, वॉलच्या बुडातून झिरपलं तर डिस्क खातं, म्हणून टाकीचं गोडं पाणी वापरलं.

भंगार टायर दुकानामागं पडलेत. त्यांत पावसाचं पाणी साचून अळ्या झालेल्या दिसल्या. डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात वाढतो. सगळ्यांना ड्रिलनं भोकं पाडली आणि छपराखाली ओढले. टायरचं दुकान असलेल्या प्रत्येकानं एवढं करावं, आपलीच लेकरं तिथं खेळतात.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. लोड चाचणी. ट्रॉल्यांत मुरूम भरून कळंब रस्त्यानं नेऊन आणल्या. थांबल्या थांबल्या हात हबवर, मग टायरच्या बाजूवर. एक हब हात ठेववेना इतका तापला होता : बेरिंगचा नट जास्त आवळलेला. थोडा ढिला करून पिन घातली, पुन्हा नेलं, ठीक. नटही पुन्हा आवळले. रंग मारलेल्या डिस्कचे नट पहिल्या फेरीनंतर हमखास ढिले होतात.

तापलेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसते. ती सोडायची नाही. गेज सकाळी, थंड टायरवर लावायचं. "टायर दुपारी कडक होतो" म्हणून हवा सोडणारे पाहिलेत. मग रात्री ती कमी पडते, बाजू जास्त वाकते, जास्त तापते, आणि टायर त्यातच जातो.

२९ ऑक्टोबर

ट्रॅक्टर निघाला. खर्च, माझी मजुरी सोडून : हब ४,२५०, डिस्क २,८००, रिंग आणि रंग ९००, नवे दोन टायर ४३,०००, रिमोल्ड दोन १६,४००, ट्रॅक्टरचे मागचे ३५,७०० आणि त्यांच्या ट्यूब ४,२००, ट्रॉलीच्या चार ट्यूब ६,६०० (त्यांतल्या दोन सोबत दिल्या), चार फ्लॅप १,८००. एकूण १,१५,६५०. पूर आलेल्या वर्षात ही रक्कम जड आहे. मामानं निम्मी रोख दिली, उरलेली हप्त्यानं.

सोबत दिलं : दोन टाम्या, घन, जॅक आणि त्याच्याखाली टाकायला जाड फळी, वॉलच्या पिना, गेज, साखळी, आणि चाकाला लावायला दोन लाकडी ओटी. ओटी मुद्दाम. रस्त्यात चाकाला दगड लावतात, पंक्चर निघालं की ट्रॉली जाते आणि दगड तसाच डांबरावर राहतो. रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. ट्रॉल्यांच्या मागं लाल आणि बाजूंना पिवळ्या रिफ्लेक्टर पट्ट्याही चिकटवल्या. ड्रायव्हर पोरगा हसला. मी त्याला सांगितलं, अंधारात उभी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसतच नाही रे.

११ नोव्हेंबर

ड्रायव्हर पोराचा फोन आला. पहिलं पंक्चर, मागच्या ट्रॉलीचं डावं मागचं चाक, रिमोल्ड. खिळा बैलाच्या पत्रीचा (खुराला ठोकतात त्या नालेचा). तिकडं फडाच्या वाटेवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर एकाच चाकोरीतून जातात, त्यामुळे हे खिळे लागणारच. स्टेपनी लावून खेप वेळेत कारखान्यावर गेली. पोरानं टायरमध्ये कापूस फिरवून खिळ्याचा तुटलेला तुकडाही काढला म्हणे.

सकाळी गेज लावतोस का विचारलं. म्हणाला, "दादा, रोज नाही जमत, पण एक दिवसाआड लावतो." उजवं पुढचं चाक दर वेळी ५-६ पीएसआय उतरतंय. पिन बदलून थुंकी लावून बघ म्हटलं. तरी उतरलं तर वॉलच्या बुडाशी बघायचं, तीच पहाटे पुन्हा पॅच मारलेली ट्यूब आहे. आठवड्याच्या शेवटी गावातून एक गाडी तिकडं जातेय, तिच्यासोबत आणखी एक नवी ट्यूब आणि पिनांचं पाकीट पाठवतोय.